बंद दारांपुढचे पिवळे तांदूळ

रविनाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र शब्दकोशाखाली ठेवलं होतं, उडून जाऊ नये म्हणून. पंखा बंद असतानाही ते तिथेच होतं.

वहीच्या पानावर, एक रेघ सोडून लिहिलेलं पत्र. "आदरणीय काका, तुमच्या वसाहतीच्या ग्रुपवरचा माझ्या बाबांचा व्हिडिओ मुरबाडला पोचला आहे. जगनच्या घरच्यांनी तो बघितला. ते म्हणतात, तुझा बाप चोरीच्या भानगडीत आहे की काय ते आधी कळू दे, मग मांडव घालू. बाबा तुमच्याकडे लग्नाचं आवतण द्यायला आले होते, एवढंच तुम्ही लिहा. पण जिथून तो व्हिडिओ आला त्या ग्रुपवरूनच हे आलं पाहिजे. कागदावर दिलं तर ते म्हणतील आम्हीच कुणाकडून तरी लिहून घेतलं. तुम्ही पुस्तकवाले आहात. तुम्हाला लिहायला काय."

शेवटचं वाक्य वाचून मी घाबरलो.

मी पुस्तकवाला आहे हे खरं, पण लिहिणारा नाही. कल्याणच्या एका छापखान्यात निवृत्तीपर्यंत मुद्रितं तपासली. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं, चुका समासात काढायच्या, मजकुराला हात लावायचा नाही. मजकूर लेखकाचा. एकदा एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या जागी नवरीच्या भावाचं नाव आलं होतं. मला ते खटकलं होतं. पण आपल्याला काय माहीत, असं वाटून मी त्यातली वेलांटी तेवढी सुधारली होती. पत्रिका सुंदर छापून गेली.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं आटगावजवळ वनश्री नगरात राहायला आलो. दोघं म्हणजे मी आणि माझी बायको जनी. वसाहत दामूभाऊंच्या भातखाचरांवर उभी आहे. दामूभाऊंनी जमीन विकली आणि तिच्यावरच्याच, आमच्या गल्लीतल्या एका घरात ते राहतात. आमच्या गल्लीला ते अजून 'खालचं खाचर' म्हणतात, त्यामुळे त्यांच्याकडे येणारं सामान नेहमी उशिरा पोचतं.

'वनश्री दक्षता' हा ग्रुप एकाचा गॅस सिलिंडर चोरीला गेला तेव्हा निघाला. सिलिंडर त्याच्या मेव्हण्यानं नेला होता हे नंतर कळलं, पण तोवर ग्रुप झाला होता. तो सुयोगनं काढला. सुयोग ठाण्याला नोकरीला आहे, सकाळी अंधारात निघतो आणि रात्री अंधारात परत येतो. वसाहतीवर तो गाडीतून लक्ष ठेवतो.

पहिल्याच महिन्यात मी त्या ग्रुपवर आलो. 'पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, घरांकडे बघत सावकाश चालणारा वृद्ध.' सोबत पाठमोरा फोटो. मी वर्णन वाचलं आणि उठून दाराला आतून कडी घातली. जनीनं फोटो बोटांनी मोठा केला.

"अवो, ही पिशवी आपली हाय."

त्यानंतर मी संध्याकाळी फिरायला जाणं सोडलं. गैरसमज दूर झाला होता, सुयोगनं माफीही मागितली होती, पण सावकाश चालण्याचा धीर होईना, आणि भरभर मला चालता येत नाही.

ग्रुपमुळे शिस्त आली हे नाकारता येणार नाही. पूर्वी माणसं न सांगता यायची. आता अनिताताई आपल्या सासूबाई यायच्या असल्या की आदल्या दिवशी त्यांचा फोटो टाकतात. खाली लोक 'नोंद घेतली' असं लिहितात. मी निवृत्त मुद्रितशोधक आहे हे समजल्यावर सुयोग मोठ्या सूचना आधी मला पाठवू लागला. "काका, जरा बघता का? शुद्ध असलं की लोक सिरीयसली घेतात." हे त्याचं खरं होतं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा. इतका नियमित वाचकवर्ग छापखान्यातही मिळाला नव्हता.

गोमा आणि सावळी वरच्या ठाकूरवाडीतले. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पावसाळ्यात शेवळं आणि रानातल्या भाज्या, असं काही ना काही घेऊन वर्षभर वसाहतीत येतात. टोपली कधी तिच्या डोक्यावर, कधी त्याच्या. रविना त्यांची मुलगी. शाळेत असताना आईबरोबर यायची आणि माझ्याकडून पुस्तक न्यायची. ते परत आणूनही द्यायची. वसाहतीत असं दुसरं कुणी करत नाही.

तिचं लग्न ठरलं आणि एका मंगळवारी सकाळी गोमा अक्षता घेऊन निघाला. हळद लावलेले तांदूळ. घरी माणूस असेल तर त्याच्या हातावर द्यायचे आणि तोंडानं आवतण सांगायचं. घर बंद असेल तर उंबऱ्यावर ठेवायचे. बंद आहे म्हणून घर वगळायचं नाही, तो त्या घराचा अपमान होतो. मंगळवार असल्यामुळे आमच्याकडची बहुतेक घरं बंद होती. गोमानं एकही वगळलं नाही.

रितेश घरून काम करतो, म्हणून दिवसाची दक्षता त्याच्याकडे असते. त्यानं शेजारच्या उंबऱ्यावरच्या पिवळ्या तांदळांचा फोटो टाकला. मग गल्लीत फिरून आणखी टाकले. आणि मग त्यानं लिहिलं, 'नोट करा. फक्त बंद घरांसमोरच आहेत.'

या शोधानंतर कुणाला आणखी विचार करायची गरज उरली नाही.

सुयोगनं गाडीतून सूचना लिहिली आणि माझ्याकडे पाठवली. बंद घरांपुढे पिवळे तांदूळ टाकून खुणा करणारी टोळी आली आहे, अनोळखी इसम दिसल्यास कळवावे. पिवळे तांदूळ म्हटल्यावर मला अक्षता आठवल्या, नाही असं नाही. पण हल्ली आवतण मोबाईलवर येतं, त्यात सनई वाजते आणि अक्षरं उघडझाप करतात. तांदूळ घेऊन दारोदार कोण हिंडणार? आणि सुयोग इतक्या खात्रीनं म्हणतोय तर त्याला काही माहीत असेल. मी दोन शब्द नीट केले, मधे एक अर्धविराम घातला आणि सूचना परत पाठवली. ती फारच चांगली दिसत होती.

थोड्या वेळानं आमची बेल वाजली.

दारात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि नवी टोपी घातलेला एक माणूस उभा होता. मला तो ओळखू आला नाही. टोपली नसलेला गोमा मी कधी पाहिलाच नव्हता.

"मास्तर, रविनाचं लगीन हाय," तो म्हणाला. मला चष्मा आहे म्हणून तो मला मास्तर म्हणतो. "मुरबाडकडं दिली. जनीआक्का, तुमी पन यायचं. नाय म्हनायचं नाय."

"नवरा काय करतो रे?" जनीनं आतून विचारलं.

"जगन नाव हाय. टेम्पो चालवतो. दारूला शिवत नाय."

"शिवत नाय, का तुज्यासमोर शिवत नाय?"

"माज्यासमोर कोन शिवनार? मी बी सोडलीय, लगीन होईस्तवर."

जनी हसत चहा ठेवायला वळली. त्यानं पिशवीत हात घालून माझ्या तळहातावर अक्षता ठेवल्या. मी त्यांच्याकडे बघतच होतो, तेवढ्यात रितेश आणि गेटवरचे दोघं धावत आले.

"काका, हात झटका! खाली टाका ते! केमिकल असू शकतं."

"अरे, हे आवतण..." मी म्हणालो. माझा आवाज मुळात लहान आहे, त्या दिवशी तो ओठांबाहेर नीट आलाच नसावा.

"काका, तुम्ही आत व्हा. काकू, दार लावून घ्या."

"का रे बाबा? घर आमचं, दार आमचं," जनी पुढे झाली. "गोमा हाय तो. करवंदं कोनाची खातोस तू?"

रितेशनं गोमाकडे नीट निरखून पाहिलं. "करवंदवाला वेगळा, काकू. त्याच्याकडे टोपली असते."

त्यांनी गोमाला गेटवरच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं आणि रितेशनं व्हिडिओ काढायला सुरुवात केली. तो व्हिडिओ मी पुढे इतक्या वेळा पाहिला की मला पाठ झाला.

"किती घरं केली?"

"खालची आळी झाली. ही आळी ऱ्हायली."

"बंद घरांवर का टाकले?"

"बंद हायत म्हनून."

"बरोबर अजून कोण कोण आहेत?"

"आमी समदेच निघालोय. पोरगा वाशिंदला गेलाय, मेव्हना कसाऱ्याला. एकट्याच्यानं उरकत नाय."

इथे व्हिडिओ संपतो. गोमानं एकही शब्द खोटा सांगितला नव्हता.

पोलीस आले तेव्हा मीही गेटपाशी गेलो होतो. त्यांतला एक हवालदार शहापूरकडचाच होता. त्यानं पिशवी उघडून पाहिली, गोमाला विचारलं, "कदी हाय?" गोमानं सांगितलं, आखातीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी. हवालदारानं हात पुढे केला, अक्षता घेतल्या, खिशात ठेवल्या आणि गोमाला म्हणाला, "जा घरी." याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. त्यात काही घडत नव्हतं.

ग्रुपवर सुयोगनं लिहिलं, 'संशयितास पोलिसांच्या ताब्यात दिले. टीमचे अभिनंदन.' मग टाळ्या आल्या.

मी काहीच केलं नाही असं नाही. दुपारभर बसून मी आवतणाच्या प्रथेवर एक टिपण लिहिलं. अक्षता म्हणजे अखंड तांदूळ, इथपासून सुरुवात केली. मग आपल्या भागातल्या वेगवेगळ्या समाजांत आवतण देण्याच्या काय काय रीती आहेत ते लिहिलं. गोमाचं नाव शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं. संध्याकाळी मी ते टाकलं. 'खूप छान माहिती काका', 'आपली संस्कृती जपली पाहिजे' अशी उत्तरं आली. त्याखाली लगेच शेवटच्या गल्लीतल्या प्रियांकानं विचारलं, 'मग पकडलेला सुटला का? मुलांना खेळायला पाठवू का?'

रात्री सूचना आणि व्हिडिओ वाशिंदला गेले. तिथून शहापूर, तिथून मुरबाड. दोन दिवसांनी मुरबाडहून सूचना आमच्या ग्रुपवर परत आली. 'मुरबाड तालुक्यातही तीच टोळी सक्रिय' एवढी एक ओळ वर वाढली होती. खालचा मजकूर आमचाच होता. माझा अर्धविराम जागेवर होता.

'म्हणजे आपण बरोबर होतो,' सुयोगनं लिहिलं.

मी त्याला फोन केला. अर्धविरामाचं सांगितलं.

"काका, अर्धविराम कुणीही घालू शकतं," तो म्हणाला. मी आमच्या तालुक्यात तरी कुणाला घालताना पाहिलेलं नाही, पण आपण सगळ्यांचं लिखाण कुठे वाचतो, असं वाटून फोन ठेवला.

सावळी यायची बंद झाली. करवंदांचा हंगाम असून वसाहतीत करवंदं नव्हती. प्रियांकानं ग्रुपवर विचारलंही, यंदा करवंदवाली का येत नाही? कुणीतरी लिहिलं, 'विषय सुरक्षेचा नाही, कृपया येथे टाकू नये.'

आणि मग रविनाचं पत्र आलं. पोस्टमननं ते गेटवर दिलं. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. गेटवरच्या माणसानं ते मला देताना म्हटलं, "काका, मुलीचं लग्न अडलंय म्हणायचं." संध्याकाळी रितेशनं गल्लीत गाठून विचारलं, "काका, ते मुरबाडवाल्यांचं पुढे काय झालं?" अनिताताईंनी जनीला विचारलं, जगन नुसता टेम्पो चालवतो की त्याचा स्वतःचा आहे?

त्यानंतर मी रोज उत्तर लिहायला बसत होतो. सगळ्या वसाहतीच्या वतीनं लिहायचं तर वसाहतीला विचारायला हवं. न विचारता लिहावं तर आपण कोण? 'गोमा चोर नाही' असं लिहिलं तर वाचणारा विचारणार, तुम्हाला काय माहीत? 'माझ्या माहितीप्रमाणे गोमा चोर नाही' हे अधिक काटेकोर होतं, पण वाचल्यावर मलाच त्याचा संशय येऊ लागला.

रविवारी देवळाच्या मांडवात वसाहतीची सभा होती. मी पत्र खिशात घालून गेलो. सुयोगला बाजूला घेऊन दाखवलं. त्यानं ते शेवटपर्यंत वाचलं. तो वाईट मुलगा नाही.

"काका, पर्सनली मी मानतो, तो चोर नव्हता," तो म्हणाला. "पण ग्रुपवर नको. एकदा आपण म्हटलं की सूचना चुकीची होती, की संपलं. उद्या खरा चोर आला तर लोक म्हणतील, हापण लग्नाचाच असेल."

"पण तिचं लग्न..."

"आपण तिला आहेर देऊ ना. वर्गणी काढू."

"लग्न झालं तर आहेर," मी म्हणालो. हे मी बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणालो असावं, कारण दोन-तीन माणसं वळली. दामूभाऊही वळले.

"गोम्याचं चाललंय काय? मी तर त्याच दिवशी सांगितलं व्हतं, ती अक्षता हायत म्हनून."

"कुठे सांगितलंत, दामूभाऊ?" सुयोगनं विचारलं.

"ग्रुपवर! सकाळीच! आयकलं नाय का कोनी?"

दामूभाऊ लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. सुयोगनं फोनवर मागे मागे जाऊन तो निरोप शोधला. तो खरोखरच मंगळवारी सकाळचा होता, रितेशच्या फोटोंच्या लगेच खाली. कुणीही ऐकलेला नव्हता, मीसुद्धा. दामूभाऊंचे निरोप फार लांब असतात. सुयोगनं आवाज वाढवला आणि सगळे उभे राहून ऐकू लागले.

"हां, रामराम मंडळी. दामू बोलतोय. काल टँकर आला न्हवता. परवा आला तो बी अर्दाच व्हता. आता आमी पैशे पुरे द्यायचे आन पानी अर्दं घ्यायचं, ह्ये कुटलं..." आणि असंच पुढे बराच वेळ. मी वाट बघत होतो. शेवटी, निरोप संपता संपता, घाईघाईनं एक वाक्य आलं. "आन ते तांदूळ गोम्याच्या पोरीच्या लग्नाचे हायत, कोनी घाबरू नका."

पण ते वाक्य येईपर्यंत मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं होतं, "बरोबर आहे, टँकर अर्धाच असतो." दुसरा म्हणाला, अर्धा नाही, पाऊण. मग सभा टँकरवर गेली आणि टँकरवरच संपली. ठराव झाला. मी पत्र पुन्हा खिशातून काढलं नाही.

घरी आलो. जनी दारातच उभी होती.

"सांगितलं?"

"टँकरचा विषय निघाला."

"तुमच्या तोंडाला टँकर बांदलाय का?" ती आत गेली. मग परत आली. "आखाती आलीय जवळ. लगीन मोडल्यावर उत्तर धाडनार? शुद्ध भाषेत?"

"वसाहतीच्या वतीनं मी कसं लिहू? मला अधिकार काय?"

"वसाहतीला कोनी इचारलंय? पोरीनं तुमाला इचारलंय. पोरीला सांगा."

"पोरीला सांगून काय होणार? तिला माहीतच आहे. ते ग्रुपवरून जायला पाहिजे, आणि ग्रुपवर माझं कुणी वाचत नाही. तो लेख बघितलास ना."

"तो कोन वाचंल? मी बी नाय वाचला." ती पाटावर बसली. "पन तिचं पत्र बघा. गेटवाल्यानं वाचलं, रितेशनं वाचलं, ती अनिता माज्याकडं जगनच्या टेम्पोची चवकशी करते. दुसऱ्याचं पत्र म्हटलं का समदे वाचतात. तुमी पोरीला पत्र लिवा, आन ग्रुपवर टाका. सूचना गेली तसं ते बी मुरबाडला पोचंल."

मला हे प्रथम बरोबर वाटलं नाही. पत्र जिचं तिलाच जायला हवं. पण मग लक्षात आलं की लोकांसमोर बोलायला मी घाबरतो, सभेला घाबरतो, सुयोगला घाबरतो, रविनाला मात्र घाबरत नाही. तिला मी नेहमीच सांगत आलो आहे, हे पुस्तक घे, ते इतकं चांगलं नाही. मी कागद पुढे ओढला आणि लिहिलं. मग ते फोनवर उतरवलं, एकेक अक्षर शोधत.

'चि. रविना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

तुझे बाबा मंगळवारी आमच्याकडे तुझ्या लग्नाचं आवतण द्यायला आले होते. आम्ही घरी होतो म्हणून आमच्या हातावर अक्षता दिल्या. जे कामाला गेले होते त्यांच्या उंबऱ्यावर ठेवल्या. बंद घरंसुद्धा त्यांनी वगळली नाहीत. पोलिसांनी त्यांना लगेच घरी पाठवलं, आणि त्यांतल्या एकानं अक्षता घेतल्या. हे मी पाहिलं आहे.

बाबांना चोर म्हणणारी सूचना आमच्या वसाहतीतून निघाली. ती चुकीची होती. तिची भाषा मी तपासली होती. मुरबाडहून जी आली ती तीच आहे, दुसरी टोळी कुठेही नाही.

तुझे आईबाबा इतकी वर्षं आमच्या दारात येतात. आमच्या घरातली काडी कधी इकडची तिकडे झाली नाही. हे जगनच्या वडिलांना दाखव. त्यांना आणखी काही विचारायचं असेल तर त्यांनी मला फोन करावा. मी फोनवर हळू बोलतो, तेवढं त्यांना सांग.

आम्ही दोघं लग्नाला येत आहोत. ज्यांच्या उंबऱ्यावर अक्षता होत्या त्या सगळ्यांना आवतण आहे.

तुझा,
जगदीशकाका'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. 'आमच्या' फार वेळा आलं होतं. एका ठिकाणी वाक्य लहान हवं होतं. आणि 'हे मी पाहिलं आहे' यात उगाच बढाई आहे का, असंही वाटू लागलं.

"आता काय, छापायला धाडायचंय?" जनी म्हणाली.

मी बाणावर बोट ठेवलं. पत्र गेलं.